पाडव्याचा कागद आणि दसऱ्याची मोटार

नागवली गेली ती माझी आत्या. वैशाखातल्या दुसऱ्या सोमवारी, दुपारचे बारा वाजून गेल्यावर, परभणीच्या स्टेशन रस्त्यावरच्या मोटार एजंटाच्या दुकानात, लाकडी बाकावर बसवून, पाणी पाजून तिला सांगण्यात आलं, की तुमच्या नव्या मोटारीची वर्षाची हमी संपली. मोटार दारात येऊन तेव्हा सात महिने झाले होते.

मी चळवळीची पत्रकं लिहितो. कोणावर अन्याय झाला, कधी झाला, कुठं झाला हे पहिल्या चार ओळींत आलं पाहिजे, नाहीतर वाचणारा त्या कागदात तंबाखू बांधतो, असं आम्हाला शिकवलेलं आहे. म्हणून ते आधी सांगून टाकलं. पत्रकात यानंतर शिव्या येतात. त्या दिवशी माझ्या मनातही त्या तयार होत्या, मथळासुद्धा ठरला होता. पण मध्येच एक साधी वजाबाकी आडवी आली. बारातून सात गेले तर पाच उरतात. मग हे पाच महिने गेले कुठं? चोरानं नेलेली वस्तू कुठंतरी असते. नेलेले महिने कुठं ठेवत असतील? खरं सांगायचं तर रागापेक्षा मला त्याचंच नवल वाटायला लागलं, आणि पुढचं सगळं त्या नवलापायी घडलं.

आत्या ताडकळसची. नवरा गेल्यावर शेत तिनंच सांभाळलं, औत-बैल तिनंच धरले. मोटार घेणारी ती त्या भागातली पहिली बाई. गाव हसलं. बाईला आता चार पायांचे बैल पुरेनात, चार चाकं पाहिजेत, असं पारावर बोललं गेलं. हसणाऱ्यांना कारण माहीत होतं, तरी हसले. तीन वर्षांमागं आत्याची थोरली लेक बाळंतपणात अडली. बैलगाडीत घालून पिंगळीच्या स्टेशनाला नेली, कारण परभणीच्या दवाखान्याला जायची तीच एक वाट. काळ्या मातीत चाक रुतलं, ते निघेस्तोवर रेल्वे निघून गेली. दुसरी रेल्वे यायच्या आत लेक स्टेशनावरच गेली. आत्या त्यावर कधी बोलत नाही. तिनं एक शेत विकलं आणि मोटार मागवली, एवढंच तिचं बोलणं.

आता धाकटी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, आठवा लागलेला. परभणीच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं होतं, की पोरीची चण लहान आहे, मृग लागायच्या आत हिला इथं आणून ठेवा, आणि बैलगाडीचे हिसके हिला अजिबात चालणार नाहीत. दारात मोटार असल्यामुळं आत्या निश्चिंत होती. आणि नेमकी त्या आठवड्यात मोटार बसली. मागच्या आसात एक दातेरी चाक असतं, त्याचे तीन दात तुटले. ड्रायव्हरनं ते वंगणातून काढून फडक्यात बांधून दिले. आत्या मिळेल त्या गाडीनं परभणीला आली, मला पत्रकांच्या खोलीतून उठवलं, आणि आम्ही दुकानात गेलो. तिनं पदराची गाठ सोडून ते तीन दात एजंटाच्या टेबलावर ठेवले, जसे काही त्याच्याच तोंडातले पडले होते.

एजंट पन्नाशीचा, काळी टोपी, स्वच्छ धोतर. मागं भिंतीवर मोटारीचं रंगीत चित्र, त्यात एक गोरी बाई हात हलवायली. त्यानं दात निरखून पाहिले आणि कबूल केलं, की हा लोखंडाचाच दोष, चालवणाऱ्याचा नाही. असं चाक त्याच्या कोठीत होतंही. पण ते कंपनीच्या शिक्क्यात बंद, हमीतल्या गाड्यांसाठी राखलेलं. हमी संपलेल्या गाडीला चाक पाहिजे तर मुंबईला लिहायचं, मुंबईनं बोटीची वाट बघायची. दोन महिने धरा, म्हणाला. म्हणजे बाळ पाळण्यात यायची वेळ.

“हमी वर्षाची, बाई. कागद पाडव्याचा. पाडवा होऊन महिना झाला.”

मी उभाच होतो. म्हणालो, मोटार दसऱ्याला मिळाली. गेल्या सालच्या पाडव्याला ती होती कुठं?

“बोटीत असंल,” तो शांतपणे म्हणाला. “न्हाईतर बोटीत चढायचीच असंल.”

लबाड माणूस काहीतरी लपवतो, आणि मग आपण ते उघडं पाडतो, अशी आमची रीत. याला लपवायचंच नव्हतं. त्यानं कपाटातून कागद काढून माझ्यापुढं ठेवला. उर्दूत लिहिलेला, खाली कंपनीचा इंग्रजी शिक्का. मी सरकारी शाळेत उर्दूतूनच शिकलो, त्यामुळं वाचायला अडचण नव्हती. अडचण होती ती कुंकवाची. कागदावर कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं आणि ते बरोबर तारखेवर. उजेडात धरून त्याखाली वाचलं. महिना सरकारी फसली सनाचा, आपल्या लोकांना जो मोजता येत नाही तो. बोटांवर मोजून मी तो चैत्राशी जुळवला. पाडवाच निघाला.

आता माझा आवाज चढला. बाईमाणूस, वाचता येत नाही, परक्या लिपीत, परक्या सनात कागद करून द्यायचा, वर तारीख झाकायची, याला काय म्हणतात? उद्याच्या पत्रकात सगळ्या परभणीला वाचायला मिळेल.

“तुमची पत्रकं वाचतो मी,” एजंट म्हणाला. “मागल्याच्या खाली छापखाना अकोल्याचा लिवलाय. शाई लय ओली होती हो, अकोल्याहून येईस्तोवर बी वाळली न्हाई.”

पत्रकं इथंच चोरून छापायची आणि खाली हद्दीबाहेरचं अकोला लिहायचं, ही आमची युक्ती त्यानं ओळखली होती. तेवढ्यात आत्या बोलली, खाली बघून.

“उगं त्येला कामून बोलायलास, बाबा. पाडव्याचा कागद म्याच मागितला.”

मग तिनं जे सांगितलं ते असं. विसार घेऊन ती गेल्या सालच्या पाडव्याच्या आधी दोन दिवस आली होती. एजंट म्हणाला, गाडी यायला पाच-सहा महिने लागतील, ती आली की विक्रीचा कागद करू. आत्या म्हणाली, ते जमायचं नाही. गाडी कधी का येईना, खरेदी साडेतीन मुहूर्तातलीच पाहिजे. पाडव्याला दुकान उघडायला लावलं. गाडी नव्हती म्हणून रिकाम्या टेबलाची पूजा केली, नारळ फोडला, कागदावर कुंकू तिनंच स्वतःच्या बोटानं काढलं. आणि मोटार घ्यायला दसऱ्याला आली, कारण तोही मुहूर्तच. एका मोटारीला तिनं दोन मुहूर्त लावले, आणि त्या दोहोंच्या मध्ये हमीचं अर्धं वर्ष दुकानातल्या दुकानात संपलं.

तर महिने सापडले. चोरीचा माल आमच्याच घरातून निघाला.

मी बसलो. एजंटानं चहा मागवला. आता मला भांडण सुचेना, प्रश्नच सुचायला लागले. असं करणारी माझी आत्या एकटीच का? एजंटानं कागदांची जाडजूड फाईलच पुढं सरकवली. मी एकेक पान उलटत गेलो आणि खरंच थक्क झालो. पाडवा, अक्षय तृतीया, दसरा, दिवाळीचा पाडवा. दोन-चार कागद ईदचे, एक कुठल्यातरी उरुसाचा. बाकी वर्षभर या दुकानात एकही मोटार विकली जात नाही, कागदावर. राणीसावरगावच्या एका बड्या शेतकऱ्यानं तर अक्षय तृतीयेला कागद केला आणि मोटार पुढच्या संक्रांतीनंतर नेली. तोवर त्याच्या हमीचे तीनच महिने शिल्लक होते, आणि त्याला ते अजून माहीत नव्हतं.

“आणि तुम्हाला माहीत होतं,” मी म्हणालो.

“मला व्हतं.”

“मग सांगितलं का नाही?”

“मुहूर्तावर बोलनारा मी कोन? माझ्या दुकानाची पाटी बी मी दसऱ्यालाच लावली.”

इथं मला त्याचा पुन्हा राग आला, आणि हा राग मी आजही सोडलेला नाही. गिऱ्हाईक आपल्या पायानं खड्ड्याकडं चाललंय, तुम्हाला खड्डा दिसतोय, आणि तुम्ही त्याला नारळ आणून देताय. याला कायद्यात नाव नसेल. पत्रकात आहे.

पण चाकाचं काय? धाकटीचं पोट काही माझ्या रागासाठी थांबणार नव्हतं. मी विचारलं, मोटार परभणीत आली कधी, याचा काही कागद असेल की नाही? रेल्वेची बिल्टी, म्हणजे मालाची पावती असते, तो म्हणाला, स्टेशनावर नोंद असेल. मी आत्याला तिथंच सोडून मालधक्क्यावर गेलो. तिथल्या मालबाबूनं आधी मला ओळखीच्या नजरेनं बघितलं, पत्रकं तोही वाचत असावा. मग मोठी वही उघडली. ती मोटार त्याला न बघताच आठवत होती. उघड्या डब्यातून आली होती, मेणकापडात गुंडाळलेली, आणि एजंट ती उचलायलाच येईना. शेवटी तिच्यात मांजरीनं पिल्लं घातली. पिल्लांसकट मोटार न्यायची की नाही यावर मालधक्क्यावर बरीच चर्चा झाली म्हणे. एजंट का येत नव्हता? बाबू हसला. म्हणाला, तारीख बघा की.

तारीख भाद्रपदाच्या वद्य पक्षातली. पितृपक्ष. आत्यानं पंधरवडा सरेपर्यंत मोटारीला हात लावू नका असा निरोप धाडलाच होता, पण एजंटानंसुद्धा नवा माल त्या दिवसांत उचलायचा नाही म्हणून ती तिथंच राहू दिली होती. त्या मोटारीत पहिलं बाळंतपण झालं ते असं, मांजरीचं, आणि पितरांच्या दिवसांत. तेव्हा मी ते गंमत म्हणून ऐकलं.

बिल्टीची नक्कल घेऊन दुकानात परतलो. पितृपक्षापासून वर्ष धरलं तर येत्या पितृपक्षापर्यंत हमी, आणि आम्ही वैशाखात. माझ्या मते प्रश्न सुटला होता. एजंट मात्र मान हलवायला लागला. कंपनी तारखेची दुरुस्ती करते, म्हणाला, पण त्याला दोघांचं लिहून पाहिजे. त्यानं लिहून द्यायचं, की गाडी हातात नसताना विक्रीचा कागद केला. तसं लिहिलं तर त्याच्या एजन्सीवर गदा येणार. आणि आत्यानं लिहून द्यायचं, की गाडी मला अमुक दिवशी आली, पाडव्याला नव्हे.

दसऱ्याचा दिवस लिहू, मी म्हणालो.

“दसऱ्याचा कागद कुठाय? दसऱ्याला हार झाले, पेढे झाले. कंपनीला पेढे कळत न्हाईत. तिला बिल्टी कळती.”

म्हणजे आत्यानं अंगठा लावून सांगायचं, की माझी मोटार पितरांच्या पंधरवड्यात आली.

ती लगेच नाही म्हणाली. मी समजावायला गेलो. तारीख ही तारीख असते, लोखंडाला मुहूर्त कळत नाही, असं सगळं जे आम्ही सभेत बोलतो ते बोललो. त्यावर तिनं जे विचारलं त्याचं उत्तर सभेत कधी लागलं नव्हतं.

“तेरवीच्या दिवसांत आल्यावानी गाडी. तिच्यात माझ्या बाळंतिणीला बसवू?”

तेव्हा मला कळलं, की तिनं दोन मुहूर्त का लावले होते. हौस नव्हती ती. थोरलीच्या वेळी जे जे चुकलं होतं, चाक, वाट, रेल्वेची वेळ, त्यातलं तिच्या हातात काहीच नव्हतं. मुहूर्त तेवढा हातात होता. तो तिनं एकदा नाही, दोनदा घट्ट धरला. आणि मी तो तिला सोडायला सांगत होतो, त्याच लेकीच्या नावानं.

ती उठून बाहेर गेली. रस्त्यापलीकडं लिंबाखाली टांगे उभे राहतात, तिथं जाऊन बसली. आम्ही दोघं दुकानात. एजंटानं ते तीन दात उचलून परत फडक्यात बांधले, नीट, गाठ मारून. म्हणाला, माझ्या घरात बी दोन लेकी हायत. मी मनात पत्रक खोडत होतो.

किती वेळ गेला सांगता येत नाही. चहाचे पेले निवले, त्यावर साय आली. आत्या आत आली ती सरळ टेबलापाशी, आणि बसली नाही.

“लिही,” ती मला म्हणाली. “पितरांच्या दिवसांत आली म्हनून लिही. माझी थोरली बी आता पितरांतच हाय. तिनंच धाडली आसंल गाडी, बहिनीसाठी.”

मग एजंटाकडं वळली.

“आन् तुमी बी लिवायचं, शेटजी. पाडव्याला टेबल रिकामं व्हतं म्हनून. दोघांनी मिळून खोटं केलं, दोघांनी मिळून खरं करू.”

माझ्या पत्रकाची धमकी ज्या माणसानं हसण्यावारी नेली होती, तो याला हसला नाही. त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं, दौत पुढं ओढली. आत्याचं म्हणणं मी उर्दूत लिहिलं आणि तिला मराठीत दोनदा वाचून दाखवलं. तिनं दर ओळीवर थांबवून विचारलं, हे काय, ते काय. फसली महिन्याचं नाव आल्यावर म्हणाली, याचं आपल्यातलं नाव बी बाजूला लिव. लिहिलं. अंगठा लावताना तिनं शाई थोडी जास्तच घेतली. या वेळी कागदावर कुंकू नव्हतं.

एजंटानं त्याच संध्याकाळी तार केली आणि कागद टपालात टाकले. उत्तर येईस्तोवर दहा दिवस गेले. ते दहा दिवस आत्यानं ताडकळसला कसे काढले ते मी धाकटीकडून ऐकलं. ती रोज सकाळी उभ्या मोटारीला पाणी मारून पुसायची आणि कोणी विचारलं तर म्हणायची, दात पडलाय, नवा यायलाय. अकराव्या दिवशी एजंट स्वतः मिस्तरीला घेऊन, कोठीतलं चाक शिक्का फोडून, टांग्यानं आणि पुढं बैलगाडीनं ताडकळसला गेला. त्याला बोलावलं कोणी नव्हतं. कंपनीनं त्याची एजन्सी काढली नाही, नुसतं एक कडक पत्र धाडलं. ते त्यानं मला अभिमानानं दाखवलं, का ते मला अजून कळलेलं नाही.

मृगाला आठ दिवस असताना धाकटीला परभणीला आणली. आत्या पुढं ड्रायव्हरजवळ बसली होती आणि वाटभर तिच्या मुठीत ते फडकं होतं, तीन दातांचं. पिंगळीच्या स्टेशनाला वळायचा फाटा आला तेव्हा तिनं ड्रायव्हरला थांबायला सांगितलं नाही, की तोंड फिरवलं नाही. बघितलं, आणि मोटार पुढं गेली. धाकटीला लेक झाली. दोघी सुखरूप आहेत.

त्या वर्षीच्या पितृपक्षात आत्यानं थोरलीचं पान वाढलं ते मोटारीच्या पुढच्या चाकावरच्या पत्र्यावर. गाव पुन्हा हसलं असेल. कावळा लगेच शिवला, असं आत्या सांगते. मी तिथं नव्हतो, म्हणून मी ते जसं ऐकलं तसं लिहितो.

पत्रक मी छापलं नाही. आत्याचं म्हणणं पडलं, की छापायचं तर आधी माझी चूक घाल, मग त्याची, आणि तुझ्या खोट्या अकोल्याची बी घाल. असं पत्रक आमच्या मंडळींनी चालू दिलं नसतं. म्हणून ते इथं सविस्तर लिहिलं.

मागल्या पाडव्याला मी मुद्दाम त्या दुकानात डोकावलो. बघायचं होतं, की एवढं झाल्यावर एजंट आता कागदावर दोन तारखा लिहितो का, एक मुहूर्ताची आणि एक गाडी आल्याची. लिहीत नाही. टेबलावर नारळाचं पाणी सांडलेलं होतं, नवा कागद कुंकवानं माखलेला, गाडी अजून बोटीत. गिऱ्हाईक पेढे वाटत होतं. मी एजंटाला बाजूला घेऊन विचारलं. म्हणाला, कोणी मागितलीच न्हाई दुसरी तारीख.

त्याचं म्हणणं अपुरं आहे, पण खोटं नाही. मागावी लागते.

तेव्हा हे वाचून खाली ठेवू नका. मोटार तुमच्याकडं नसेल. शिलाईची मशीन असेल, सायकल असेल, विहिरीवरचं इंजिन असेल. उठा, पेटी उघडा, त्याचा कागद काढा. वाचता येत नसेल तर ज्याला येतं त्याच्याकडं न्या आणि दोनदा वाचून घ्या. कुंकू असेल तर पुसून त्याखालची तारीख बघा. मग ती वस्तू खरोखर तुमच्या हातात आली तो दिवस आठवा. दोहोंत फरक निघाला तर आजच्या आज दुकानदाराच्या दारात जाऊन खरा दिवस कागदावर चढवून घ्या. तो दिवस पितरांच्या पंधरवड्यातला असला, तरी तोच लिहायला लावा.